मॅकनोलियाला विचारलेला शब्द

‘अकीला अँड द बी’ या २००६ सालच्या चित्रपटाची घडण मराठी पालकांना आवडावी अशीच आहे. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातली अकरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, वडील हयात नाहीत, आई नोकरीत पिचलेली, शाळा नावापुरती. अशा मुलीला डॉ. लॅरबी नावाचा कडक शिस्तीचा प्राध्यापक भेटतो आणि दोरीवरच्या उड्यांच्या तालावर ती अवघड इंग्रजी शब्दांची अक्षरं पाठ करू लागते. दिग्दर्शक डग अ‍ॅचिसन यांनी १९९४ साली दूरचित्रवाणीवर राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा पाहिली, तेव्हा त्यांना ही गोष्ट सुचली. पुढे तिच्या पटकथेला २००० साली ऑस्करवाल्या अकादमीची निकोल फेलोशिप मिळाली. केके पामरने अकीला आणि लॉरेन्स फिशबर्नने लॅरबी इतक्या मनापासून उभे केलेत, की शेवटी अकीला आणि तिचा प्रतिस्पर्धी डिलन दोघंही विजेते ठरतात तेव्हा पाहणाऱ्याचे डोळे भरून येतातच.

पडद्यावरचा हा गोड शेवट जिला मिळाला नाही, अशी एक मुलगी चित्रपटाच्या सत्तर वर्षं आधी होऊन गेली होती. तिचं नाव मॅकनोलिया कॉक्स.

ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन म्हणजे मोटारींच्या टायरचं गाव. ‘अ‍ॅक्रन बीकन जर्नल’ हे तिथलं दैनिक दरवर्षी शाळकरी मुलांची स्पेलिंग स्पर्धा भरवत असे. १९३६ साली ती स्पर्धा आठवीतल्या, तेरा वर्षांच्या मॅकनोलियाने जिंकली. वॉशिंग्टनच्या अंतिम फेरीसाठी ती निघाली तेव्हा स्टेशनवर गर्दी उसळली होती. नृत्य आणि संगीताच्या जगातले बिल रॉबिन्सन आणि फॅट्स वॉलर यांच्यासारखे नामवंत कलाकार गावात आलेले होते, त्यांच्याबरोबर तिला रंगमंचावर आणलं गेलं. मोलमजुरीवर जगणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून उठलेली मुलगी साऱ्या गावाची झाली होती.

गाडी मेरीलँडच्या हद्दीत शिरेपर्यंतच हे कौतुक टिकलं. हद्द ओलांडताच मॅकनोलिया आणि तिच्या आईला काळ्यांच्या डब्यात जाऊन बसावं लागलं. वॉशिंग्टनमध्ये इतर स्पर्धक विलर्ड हॉटेलात उतरले. तिथे या मायलेकींना प्रवेश नव्हता, म्हणून त्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या घरी राहिल्या. मेजवानीत त्यांचं टेबल वेगळं होतं. न्यू जर्सीची एलिझाबेथ केनी ही दुसरी कृष्णवर्णीय स्पर्धक. या दोघींना व्यासपीठावरही बाकीच्यांपासून वेगळं बसवलं होतं. एकाच शब्दकोशातून अभ्यास करून आलेली मुलं, आणि त्यांतल्या दोघींची बसायची जागा रंगावरून ठरलेली.

तरीही मॅकनोलिया एकेक फेरी पार करत गेली. मैदानात पाच जण उरले, तेव्हा परीक्षकांनी तिला ‘नेमेसिस’ हा शब्द दिला.

नेमेसिस ही ग्रीक पुराणातली सूडाची देवता. स्पर्धेच्या नियमांनुसार विशेषनामं विचारता येत नव्हती, शिवाय मुलांना अभ्यासासाठी दिलेल्या यादीतही हा शब्द नव्हता. दुसऱ्या ‘ई’च्या जागी मॅकनोलियाने ‘ए’ म्हटलं आणि ती बाद झाली. ‘बीकन जर्नल’ची बातमीदार मेबल नॉरिस तिच्याबरोबर आली होती. तिने जागच्या जागी हरकत घेतली, की हे देवतेचं नाव आहे, ते मोठ्या अक्षराने लिहितात, म्हणून ते विचारणंच नियमबाह्य आहे. या शब्दाला सामान्यनामाचाही अर्थ आहे, असं सांगून परीक्षकांनी हरकत फेटाळली. मॅकनोलिया पाचवी आली. विजेतेपद आयोवाच्या जीन ट्रोब्रिजला मिळालं.

फक्त शब्दकोश उघडला तर परीक्षकांना अगदीच खोटं ठरवता येत नाही, कारण न टळणारी शिक्षा या अर्थाने तो शब्द इंग्रजीत सामान्यनाम म्हणूनही चालतो. पण त्या निर्णयाआधीचे काही दिवस बाजूला ठेवून त्याचा विचार करता येत नाही. ज्या व्यवस्थेने या मुलीला डबा, हॉटेल, जेवणाचं टेबल आणि व्यासपीठ या चारही ठिकाणी वेगळं काढलं, तिने पाचव्या ठिकाणी नि:पक्षपात दाखवला, असं मानायला आधार कुठला? नियमात दोन वाटा निघत असताना संशयाचा फायदा संस्थेने स्वत:ला घेतला. तो तेरा वर्षांच्या स्पर्धकाला मिळायला हवा होता. मेबल नॉरिसची हरकत म्हणूनच आजही रास्त वाटते.

काळ्या मुलीशी बरोबरीने स्पर्धा करायचीच नाही, असा हट्ट त्याआधीही झाला होता. १९०८ साली क्लीव्हलंडमध्ये शहरांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिथे मेरी बोल्डेन या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीमुळे न्यू ऑर्लिन्सच्या संघाने माघार घेण्याची भाषा केली होती. मेरी एकही चूक न करता जिंकली.

मॅकनोलियाच्या वाट्याला पुढे कॉलेज आलं नाही, घरची ऐपत नव्हती. अ‍ॅक्रनमधल्या एका डॉक्टरांकडे तिने घरकाम केलं आणि १९७६ साली ती कर्करोगाने गेली. अ‍ॅक्रनमध्येच जन्मलेले कवी ए. व्हॅन जॉर्डन यांनी २००४ साली तिच्यावर आख्खा कवितासंग्रह लिहिला, तेव्हा कुठे अमेरिकेतल्या वाचकांना ती नव्याने कळली.

ही कहाणी छत्रपती संभाजीनगरात परकी वाटायचं कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाविषयी चौकशी केली होती आणि अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे, हे त्यांच्या कानावर घातलं होतं. मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत संशोधन करून परतले आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे पाहा, असं त्यांनी इथल्या तरुण लेखकांना आग्रहाने सांगितलं. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून मराठवाड्यातल्या वाचकाला हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीची ओळख करून दिली. अ‍ॅक्रन ते मिलिंदचं नागसेनवन ही वाट बरीच आधी पाडलेली आहे.

अमेरिकेत जो दबदबा स्पेलिंगचा, तो आपल्याकडे शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे चौदा नियम ठरवले, १९७२ साली त्यांत चार वाढवले आणि शासनाने ते स्वीकारले. जुने न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ‘कवि’चा ‘कवी’ झाला, लिहिणं सोपं झालं. नियम हवेतच, त्यांच्यावाचून पाठ्यपुस्तक छापता येत नाही. पण वाडीवस्तीवरून आलेल्या पोराच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल रेघ ओढता ओढता त्याच्या घरच्या बोलीलाच ‘अशुद्ध’ म्हणण्याचा अन्याय आपल्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या केला. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० साली. ज्या बोलीवर लाल रेघा ओढल्या गेल्या, तिच्यातून मराठी गद्याला केवढी ताकद मिळाली, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता अमेरिकेतल्या त्या स्पेलिंग स्पर्धेत भारतीय वंशाच्या मुलांनी मिळवलेल्या यशाकडे. १९८५ साली बालू नटराजन जिंकले, १९९९ साली नूपुर लाला. नूपुरच्या वर्षीची स्पर्धा ‘स्पेलबाउंड’ या ऑस्कर नामांकन मिळालेल्या माहितीपटात टिपलेली आहे. २००८ ते २०१९ या काळात असं एकही वर्ष गेलं नाही, की विजेत्यांत भारतीय वंशाचं मूल नव्हतं. २०१९ साली तर आठ जण मिळून विजेते ठरले, त्यांतल्या टेक्सासच्या सोहम सुखटणकरच्या आडनावाने मराठी घरांत जरा जास्तच आनंद झाला असेल.

या यशाला मुलांच्या मेहनतीइतकाच भक्कम आधार संघटनेचा आहे. रत्नम चित्तूरी यांनी १९८९ साली नॉर्थ साउथ फाउंडेशन स्थापन केलं ते भारतातल्या गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी. त्याच संस्थेने अमेरिकेतल्या भारतीय मुलांसाठी गावोगाव सरावाच्या स्पर्धा उभ्या केल्या. सुशिक्षित आईवडील, त्यांचे मोकळे शनिवार-रविवार, शिकवणीचा आणि प्रवासाचा पैसा हे सगळं त्यामागे उभं आहे. २०१८ साली तर आयोजकांनी शुल्क भरून राष्ट्रीय फेरीत थेट प्रवेश देणारी योजना आणली, आणि त्या वर्षीचा विजेता कार्तिक नेम्मानी याच वाटेने आलेला होता. कार्तिकच्या गुणवत्तेविषयी शंकाच नाही. शंका त्या योजनेविषयी आहे, कारण मॅकनोलियाच्या आईला असलं शुल्क कधीच परवडलं नसतं. भारतीयांना उपजतच स्पेलिंग येतं, असं दर उन्हाळ्यात आपल्याकडे अभिमानाने बोललं जातं. त्यात या मुलांची वर्षानुवर्षांची मेहनतही झाकली जाते आणि ज्यांना स्पर्धेच्या दारापर्यंत पोचताच आलं नाही अशी मुलंही नजरेआड होतात.

१९९८ साली जमैकाची जोडी-अ‍ॅन मॅक्सवेल जिंकली, ती या स्पर्धेची पहिली कृष्णवर्णीय विजेती. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलीसाठी मात्र २०२१ साल उजाडावं लागलं. लुइझियानाच्या चौदा वर्षांच्या झायला अव्हाँ-गार्डने त्या वर्षी ‘मुराया’ या शब्दावर स्पर्धा जिंकली. कढीपत्ता आणि कुंती ज्या वनस्पतिवंशात धरत आले, त्याचं हे नाव. झायला तेव्हा बास्केटबॉलही तितक्याच तडफेने खेळायची आणि चेंडू खेळवण्याचे गिनीज विक्रम तिच्या नावावर होते. थोर जॅझवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या सन्मानार्थ वडिलांनी मुलीला वेगळं आडनाव दिलं. तिच्या विजयाच्या बातम्यांबरोबर पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या मॅकनोलियाची हकिगतही अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी पुन्हा छापली आणि मेबल नॉरिसच्या हरकतीची चर्चा नव्याने सुरू झाली.