दोघांचा परदेशप्रवास : शहरे कमी, मुक्काम जास्त

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमाजवळ, एका छत्रीखाली कोल्हापूरच्या तरुण राजाचा अर्धपुतळा आहे. राजाराम महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते विलायतेच्या प्रवासास गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. याच संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. त्यांची प्रवासातील रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्मारकाजवळच्या पुलाला आजही तेथील लोक ‘भारतीयाचा पूल’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

कोल्हापूरहून दरवर्षी अनेक दांपत्ये युरोपला जातात आणि फ्लॉरेन्सही पाहून येतात. या छत्रीपर्यंत मात्र त्यांपैकी फार थोडी पोहोचतात. कारण साधे आहे. दहा-बारा दिवसांत दहा शहरे उरकणाऱ्या बेतात अर्धा दिवसही कोणाजवळ शिल्लक नसतो.

दिवसांचा जमाखर्च

गुजरीतील सराफ असोत, लक्ष्मीपुरीतील धान्याचे व्यापारी असोत की गुळाचे अडते, पंचवीस-तीस वर्षे दुकान आणि घर सांभाळल्यावर दोघांनीच बाहेर पडण्याचा योग बहुधा मुलगा गल्ल्यावर बसू लागल्यावर येतो. मग इतक्या वर्षांची सारी उधारी एकाच फेरीत वसूल करावी, असे वाटू लागते. लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, झुरिच, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम अशी यादी तयार होते. परदेशी पुन्हा कधी जाणे होणार, हा त्यामागचा विचार असतो.

पण या यादीचाही ताळेबंद मांडावा. दहा शहरे म्हणजे नऊ वेळा बिऱ्हाड हलवणे. प्रत्येक वेळी सामान बांधणे, सकाळी खोली सोडणे, स्थानक गाठणे आणि नव्या शहरात दुपारी खोली ताब्यात मिळेपर्यंत बॅगा सांभाळणे यांत किमान अर्धा दिवस जातो. म्हणजे बारा दिवसांतील साडेचार दिवस केवळ हलवाहलवीत खर्ची पडतात. ते पैसे देऊन विकत घेतलेले दिवस असतात. जो व्यापारी मालातील तूट काट्यावर तोलून पाहतो, त्याने ही तूटही तोलून पाहिली पाहिजे.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा आधीच ठरवणे हा त्याचा आशय. त्याचा हेतू अर्थातच संयमाचा आहे, सहलीचा नव्हे. तथापि निघण्यापूर्वी मर्यादा आखण्याची ही सवय प्रवासाच्या आखणीतही उपयोगी पडते.

कधी निघावे

जैन व्यापारी कुटुंबाला तारखा ठरवताना तीन पंचांगे पाहावी लागतात. पहिले धर्माचे. अनेक घरांत चातुर्मासात दूरचा प्रवास टाळतात. दुसरे धंद्याचे. मार्चअखेर हिशेबांत जाते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीसाठी ११ आणि २० या तारखा चुकवता येत नाहीत. तिसरे पंचांग सूर्याचे. डिसेंबरात रोम आणि फ्लॉरेन्समध्ये सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो, तर इटलीतील बहुतेक उपाहारगृहे दुपारी अडीच-तीनला बंद होऊन सायंकाळी सातच्या सुमारास उघडतात. चौविहार पाळणाऱ्यांची तेथे पंचाईतच होते. मेअखेरीस मात्र सूर्यास्त साडेआठनंतर होतो, त्यामुळे सातला जेवायला बसले तरी वेळ साधते.

या तिन्हींचा मेळ घातला, तर २० मेचे विवरणपत्र भरून निघावे आणि ११ जूनपूर्वी परत यावे, हा काळ सोयीचा ठरतो. ज्यांचा हंगाम लग्नसराईचा किंवा बी-बियाण्यांचा आहे, त्यांनी आपापल्या धंद्यानुसार तो पुढेमागे करावा.

चार मुक्काम, बारा रात्री

दोनच देश आणि चारच मुक्काम घेतले तर बेत असा बसतो : रोममध्ये तीन रात्री, फ्लॉरेन्समध्ये तीन, व्हेनिसमध्ये दोन आणि स्वित्झर्लंडमधील लुसर्नमध्ये चार. वेगवान रेल्वेने रोमहून फ्लॉरेन्सला सुमारे दीड तास आणि फ्लॉरेन्सहून व्हेनिसला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. व्हेनिस ते लुसर्न या प्रवासात मिलानला गाडी बदलावी लागते. तो दिवस प्रवासाचाच धरावा. लुसर्नहून झुरिचचा विमानतळ रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. म्हणून रोमला उतरून झुरिचहून परतण्याचे तिकीट एकत्रच काढावे, म्हणजे आलेल्या वाटेने माघारी जाणे वाचते. कोल्हापूर ते मुंबई जाण्या-येण्याचे दिवस वेगळे मोजावेत. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईस पोहोचून त्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि रात्रीचे विमान गाठावे, हे उत्तम.

व्हिसाचा हिशेबही रात्रींवरूनच होतो. शेंगेन देशांपैकी जेथे अधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. येथे इटलीच्या आठ रात्री आणि स्वित्झर्लंडच्या चार, म्हणून अर्ज इटलीकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्याच्या गर्दीत तो जितका लवकर केला तितके बरे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण सक्तीचे आहे. त्याकडे केवळ कागदाची पूर्तता म्हणून पाहू नये. विमापत्रात जुनी दुखणी कोणती धरली आहेत आणि कोणती वगळली आहेत, ते वाचूनच सही करावी. नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीत असावीत.

सुट्टीचे वारही पाहून ठेवावेत. फ्लॉरेन्सची उफित्सी आणि अकादेमिया ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात. तिकिटे आधीच काढावीत. सराफांनी फ्लॉरेन्सचा पॉन्ते व्हेक्यो हा जुना पूल अवश्य पाहावा. त्या पुलावर पूर्वी खाटिकांची दुकाने होती. १५९३ साली तेथील शासकाने ती उठवून सोनारांना जागा दिली, आणि आजही तेथे दागिन्यांचीच दुकाने आहेत.

आहार आणि ओटा

इटलीत शाकाहारी जेवण मिळते, परंतु जैन आहारासाठी चौकशी आवश्यक आहे. पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून करतात. पेस्तो या हिरव्या चटणीत बहुधा लसूण आणि असेच चीज असते. ताज्या पास्त्यात अनेकदा अंडी असतात, सुका पास्ता मात्र सहसा केवळ गव्हाचा असतो. ‘सेन्झा’ म्हणजे ‘विना’. कांद्याला चिपोला, लसणाला आल्यो, बटाट्याला पाताते आणि अंड्याला उओवा म्हणतात. इतके शब्द चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावेत.

खाकरे, मेतकूट, पोहे न्यावेत. तूप, पेढे यांसारखे दुधाचे पदार्थ मात्र युरोपात नेण्यास मनाई आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास खिचडीची आणि उकळलेल्या पाण्याची सोय होते. पण एक गोष्ट आधीच ठरलेली असावी : दिवसभर हिंडून आल्यावर तेथेही ओटा एकटीनेच सांभाळायचा असेल, तर त्या गृहिणीची सहल झाली कोठे? एके दिवशी भांडी एकाने घासावीत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने.

किल्ली सोपवताना

दुकानाबाबतही असाच करार हवा. उन्हाळ्यात इटलीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. तेथील सकाळचे सात म्हणजे कोल्हापूरचे साडेदहा. त्या वेळी पंधरा मिनिटे बोलणे व्हावे आणि नंतर दिवसभर फोन पिशवीत राहावा. दर तासाला उधारीची आणि मालाची चौकशी करणारा बाप मुलाला शिकवत नाही, आणि सोबतीलाही उरत नाही. किल्ली दिली तर विश्वासासह द्यावी.

बेतात एखादा दिवस मोकळा सोडणे, हेही शहाणपणच आहे. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. तो सोहळा २६ जूनला व्हायचा होता. राजाच आजारी पडला आणि तो ९ ऑगस्टला झाला. राजांचे बेतही असे पुढे ढकलले जातात, मग ढगांमुळे टिटलिसचे हिमशिखर एखाद्या दिवशी दिसले नाही, तर त्यात नवल काय? लुसर्नच्या चार रात्री त्यासाठीच. आज नाही तर उद्या जाता येते.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. तिकिटे काढण्यापूर्वी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन-तीन गोष्टी लिहाव्यात, ज्या पाहिल्यावाचून परत यायचे नाही. एकमेकांचे कागद नंतर वाचावेत. एका घरात तीस वर्षे काढूनही त्यात अनोळखी नावे निघतील. या सहा गोष्टींभोवती बेत आखावा, बाकीची शहरे आनंदाने सोडून द्यावीत. आणि फ्लॉरेन्समधील एक संध्याकाळ मोकळी ठेवून आर्नोकाठच्या त्या छत्रीपाशी जाऊन यावे. ज्याला घरी परतता आले नाही, अशा आपल्या गावच्या प्रवाशाला नमस्कार करावा, आणि सूर्यास्तापूर्वी जेवायला मुक्कामी परतावे.