मॉर्फिनचे भय, ट्रामाडोलवरचा भरवसा

कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले की घरातील मंडळी हबकतात. आता सारे संपले, असा त्याचा अर्थ काढला जातो. व्यसन लागेल ही धास्ती वेगळीच. त्याच घरात शस्त्रक्रियेनंतर किंवा कंबरदुखीसाठी मिळालेली ट्रामाडोलची गोळी मात्र साध्या वेदनाशामकासारखी घेतली जाते, उरलेली पाकिटे पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवली जातात. वस्तुतः दोन्ही औषधे एकाच कुळातील. मेंदू व मज्जारज्जूतील ज्या रिसेप्टरांवर अफूचा अंमल चालतो, त्यांच्यावरच या दोहोंचे काम चालते.

मॉर्फिन थेट अफूतून मिळते. ट्रामाडोल प्रयोगशाळेत घडविलेले. जर्मनीत ते १९७७ मध्ये विक्रीस आले. त्याची ताकद पुष्कळ कमी. तोंडावाटे घेतलेल्या १० मिलिग्रॅम मॉर्फिनइतका परिणाम साधण्यास ट्रामाडोल ५० ते १०० मिलिग्रॅम लागते. परंतु कमी ताकदीचे म्हणून कमी धोक्याचे, हे समीकरण येथे जुळत नाही.

मूळ ट्रामाडोलचा अफूसदृश परिणाम क्षीण असतो. यकृतात त्याचे रूपांतर होऊन जे द्रव्य तयार होते, ते वेदना शमविण्याचे बरेचसे काम करते. हे रूपांतर घडविणारे विकर प्रत्येकाच्या शरीरात सारखे कार्यक्षम नसते. त्यामुळे एकाला गोळीचा गुण येत नाही, तर दुसऱ्याला तीच मात्रा जड होते. अमेरिकेच्या औषध नियामकाने बारा वर्षांखालील मुलांना हे औषध देण्यास २०१७ मध्ये मनाई केली, त्यामागे हेही एक कारण होते.

ट्रामाडोलचा दुसरा पैलू सहसा सांगितलाच जात नाही. ते मेंदूतील सेरोटोनिनचे प्रमाणही वाढविते. नैराश्यावरील अनेक गोळ्यांचे कामही तेच. दोन्ही एकत्र आल्यास ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा, संभ्रम अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. आकडी येण्याचा धोकाही त्यात आहे, म्हणूनच प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरली आहे. अनेक गोळ्यांत ट्रामाडोलबरोबर पॅरासिटामॉलही असते. वेष्टन न वाचता तापाची निराळी गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल दुप्पट पोटात जाऊन यकृताला इजा होऊ शकते.

कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनला अशी ठरावीक कमाल मात्रा नाही. वेदनेचा अंदाज घेत डॉक्टर ती पायरीपायरीने वाढवितात. देखरेखीखाली वेदनेसाठीच घेतलेल्या मॉर्फिनमुळे मृत्यू लवकर येत नाही आणि व्यसनाचे भयही समजले जाते तितके मोठे नाही. धोका आहे तो मनाने मात्रा वाढविण्यात. श्वसन मंदावते, आणि मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांची जोड मिळाली तर ते थांबूही शकते. ट्रामाडोलही याला अपवाद नाही. मूत्रपिंड निकामी असलेल्यांत मात्र मॉर्फिनपासून बनणारी द्रव्ये साचून राहतात, त्यामुळे तेथे दुसऱ्या औषधाचा विचार करावा लागतो.

कायद्याचा प्रवासही बोलका आहे. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ मध्ये आला आणि परवान्यांच्या जाचाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या देशातच रुग्ण वेदनेने तळमळत राहिले! २०१४ च्या दुरुस्तीने ही अडचण बरीचशी सैल केली. उलट ट्रामाडोल २०१८ पर्यंत या कायद्याबाहेर होते. गैरवापर वाढल्यावर ते त्याच्या कक्षेत आले.

मॉर्फिन सुरू करतानाच डॉक्टर बहुधा रेचकही लिहून देतात. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत सोबत करते. फार दिवस घेतलेले ट्रामाडोल एकाएकी बंद केल्यास घाम, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. म्हणून दोन्ही औषधांची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते.