लादी, फरशी, शहाबादी

साकीनाक्याच्या चाळीत पुसतात ती लादी. पुण्यातल्या घरात पुसतात ती फरशी. वस्तू एकच, शब्दांची कुळे निराळी.

फरशी अरबी ‘फर्श’वरून फारसीमार्गे मराठीत आली. मूळ धातूचा अर्थ पसरणे, अंथरणे. त्यामुळे फर्श म्हणजे आधी गालिचा, मग जमीन, आणि मराठीत जमिनीवर बसवलेला दगड. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांतला फरासखाना याच घराण्यातला: तंबू, जाजमे, गालिचे ठेवण्याची जागा. ती अंथरणारा तो फरास. पुण्याच्या एका पोलीस ठाण्याने हे नाव आजही टिकवले आहे. परशुरामाच्या हातातली फरशी संस्कृत ‘परशु’ची; तिचा या जाजमांशी काही संबंध नाही.

लादी हा शब्द मुंबईच्या मराठी आणि गुजराती माणसांचा सामाईक. त्यात भर आहे तो सपाट, चौकोनी आकारावर, दगडाच्या जातीवर नाही. बेकरीत एकमेकांना चिकटून भाजलेल्या पावांच्या पट्टीलाही लादीच म्हणतात. (त्यातला ‘पाव’ पोर्तुगीज.)

दगडाची जात सांगायची तर गावाचे नाव घ्यावे लागते. शहाबादी ही कलबुर्गी जिल्ह्यातल्या, पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या शहाबादची. तिथला करडा चुनखडक थराथराने सुटतो, म्हणून फार तासावा लागत नाही. शहाबाद मुंबईहून रायचूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. हा मार्ग १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा काळा कडप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानातला.

सर्वांत फसवे नाव मोझॅकचे. रंगीत तुकडे जुळवून केलेले चित्र हा त्याचा खरा अर्थ, आणि व्युत्पत्ती ग्रीक कलादेवता ‘म्यूझ’पर्यंत जाते. जुन्या इमारतींत ज्याला मोझॅक म्हणतात ती सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून, घासून गुळगुळीत केलेली जमीन. इटलीत तिला तेरात्सो म्हणतात.

टाइल लॅटिन ‘तेगुला’ची लेक, म्हणजे मूळची छपरावरची. झाकणे या अर्थाच्या धातूपासून ती निघाली. इंग्रजीत कौल आणि लादी दोन्हींना हा एकच शब्द चालतो. मराठीने छपरासाठी कौल राखून ठेवले आणि टाइलला जमिनीवर आणि भिंतीवर बसवले. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या ‘भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स’ने स्वदेशीच्या भरात नक्षीदार सिमेंटच्या टाइल्स घडवल्या. आता चलती विट्रिफाइडची: लॅटिन ‘वित्रुम’ म्हणजे काच. प्रखर उष्णतेने माती काचेसारखी घट्ट होते, आणि अशी टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही.