एस्प्रेसो मशीन घेताय? आधी पाणी, प्लग आणि कॅप्सूल तपासा

आचोळ्यातल्या फ्लॅटसाठी एका कपाचे एस्प्रेसो मशीन निवडताना खोक्यावरच्या ‘१५ बार’ला भुलू नका. ती पंपाची कमाल क्षमता. एस्प्रेसोला सुमारे ९ बार दाब पुरतो.

पाणी : वसई-विरारमध्ये अनेक सोसायट्या टँकर किंवा बोअरवेलवर अवलंबून आहेत. जड पाणी तापले की क्षार आत साचतात, मशीन बिघडते. फिल्टरचे पाणी वापरा, वेळोवेळी डिस्केलिंग करा.

प्लग : १,५०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर साधारण ६.५ अँपिअर वीज खेचते. त्यामुळे १६ अँपिअरचे सॉकेट हवे.

कॅप्सूल : एका पद्धतीची कॅप्सूल दुसऱ्या मशीनमध्ये बसतेच असे नाही. रोज दोन कप म्हणजे महिन्याला ६०. म्हणून आधी कॅप्सूलचा भाव विचारा, मग मशीनचा.