चर बुजला, वाद उरला

छत्रपती संभाजीनगरात जलवाहिनीसाठी चर खणायला घेतला की वर मुरूम लागतो, मग मऊ खडक आणि त्याखाली दख्खनचा काळा, कठीण पाषाण. खोदाईचा दर तिन्हींना वेगळा असतो. अंदाजपत्रकात मुरूम धरलेला असतो आणि प्रत्यक्षात ब्रेकर आणावा लागतो. अशा वेळी साइटवरचा अभियंता म्हणतो, "काम थांबवू नका, बिलात बघू." पाइप पडतो, चर बुजतो आणि खडक किती होता याचा पुरावाही त्याच्यासोबत गाडला जातो. बिल तपासणीला येईपर्यंत त्या अभियंत्याची बदली झालेली असते.

जादा कामाचे बरेच तंटे असे 'बिलात बघू' या दोन शब्दांतून जन्मतात.

खरे तर कागदावर यावर उपाय आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदेतले कलम १४ अभियंत्याला कामात फेरबदल करण्याचा अधिकार देते, पण त्यासाठी सूचना लेखी असावी लागते. निविदेत दर नसेल तर तो दरसूचीवरून घ्यायचा, तिथेही नसेल तर नव्याने ठरवायचा. दर ठरण्याआधीच ठेकेदाराने काम सुरू केले, तर तेवढ्या कामाला प्रभारी अभियंता ठरवील तोच दर मिळतो. म्हणजे घाईची किंमत ठेकेदारच मोजतो. मोठ्या कंपनीकडे वकील असतात. दोन जेसीबी आणि बँकेचे कर्ज घेऊन उतरलेल्या लहान ठेकेदाराला हे कलम बिल अडकल्यावरच कळते.

मग दाद कुठे मागायची? बी-१ च्या कलम ३० मध्ये अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम म्हटला आहे. हाच लवाद, असे मानून अनेक ठेकेदार वर्षानुवर्षे झगडले. २०१३ साली विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे कलम लवादाचा करार नव्हे. आता उरला दिवाणी दावा. पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांत तो दाखल करावा लागतो.

काहीच लेखी नसेल तर? भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७० अशा वेळी आधार देते. पश्चिम बंगाल सरकारविरुद्ध बी. के. मंडल अँड सन्सचा खटला याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९४४ मध्ये आरामबाग येथे गोदामांसोबत कच्चा रस्ता, स्वयंपाकघर, पहारेकऱ्यांची खोली अशी कामे अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून झाली, पण रीतसर करार नव्हता. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकालात स्पष्ट केले की काम फुकट म्हणून केलेले नसेल आणि सरकारने त्याचा लाभ घेतला असेल, तर मोबदला द्यावाच लागेल. निकाल योग्यच होता. मात्र हा निकाल यायला १९६१ उजाडले! शिवाय जी बाब करारात आहे, तिच्यासाठी कलम ७० चालत नाही. तिथे करारच बोलतो.

संभाजीनगरकरांना रखडलेल्या कंत्राटाची किंमत वेगळी सांगायला नको. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीचा करार महापालिकेने २०१६ मध्ये रद्द केला आणि तंटा न्यायालयात गेला. त्यानंतरची १,६८० कोटींची योजना सुधारून २,७४० कोटींवर गेली. या वाढीची कारणे खडकापुरती नाहीत, पण काम लांबले की पैसा करदात्याचा जातो आणि नळ कोरडा राहतो, हे शहराने भोगले आहे.

म्हणून ठेकेदार आणि अभियंता दोघांनाही एकच विनंती आहे: खडक लागेल त्याच दिवशी लेखी कळवा आणि लेखी आदेश घ्या. चर बुजवण्याआधी दोघांच्या सहीने संयुक्त मोजमाप करून तारखेसह फोटो काढा आणि नोंद मोजमाप पुस्तिकेत त्याच दिवशी करा.