यंत्राच्या पोटातली यंत्रं

बोर्डीतला चिकू बागायतदार घरबसल्या 15 रुपये भरतो आणि डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर उतरवून घेतो. तलाठ्याच्या सहीशिवाय चालणारा हा उतारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. पण तो पाठवणारा संगणक असतो तरी कुठे? आजच्या बहुतेक मोठ्या सेवांप्रमाणे इथेही उत्तर देणाऱ्या संगणकाला स्वतःचं शरीरच नसण्याची शक्यता जास्त!

डेटा सेंटरमधल्या एकाच सर्व्हरच्या पोटात वीस-पंचवीस संगणक नांदू शकतात. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, डिस्क वेगळी, आणि शेजारी कोण राहतं याचा कुणालाच पत्ता नाही. ही व्हर्च्युअल मशीन्स. खाली बसलेला हायपरव्हायजर प्रोसेसरचा वेळ इतका बारीक वाटतो, की प्रत्येकाला सगळं यंत्र आपलंच वाटतं. आयबीएमच्या संशोधकांनी ही किमया 1967 मध्येच चालवून दाखवली होती!

मग कोणतं मशीन कोणत्या सर्व्हरवर ठेवायचं? सोपं वाटतं ना? फक्त 20 मशीन्स आणि 4 सर्व्हर घ्या. मांडणीचे पर्याय होतात एक लाख कोटींहून जास्त!

त्यात प्रोसेसर आणि मेमरी यांचे स्वभाव निराळे. प्रोसेसर म्हणजे डहाणू लोकलमधला तिघांचा बाक: चौथा सहज मावतो, कारण बहुतेक मशीन्स बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असतात. मेमरीचं तसं नाही. ती कमी पडली की डिस्कचा आधार घ्यावा लागतो आणि सगळ्यांचीच गती बसते. म्हणून प्रोसेसर हातचा राखून न ठेवता वाटतात, मेमरी मात्र मोजून. शिवाय एक सर्व्हर बंद पडला तर त्यावरची मशीन्स सामावतील एवढी जागा उरलेल्यांवर मोकळी ठेवतात.

चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताही येतं, आणि मला सगळ्यांत थक्क करतं ते हेच. आधी सगळी मेमरी पलीकडे पाठवायची. तेवढ्यात जे बदललं ते पुन्हा, मग त्या वेळात बदललेलं पुन्हा. उरलेला ढीग लहान होत जातो, शेवटी क्षणभराचा थांबा, आणि मशीन पलीकडे जागं! वापरणाऱ्याला कळतही नाही.

खरी कसोटी लागते ती या साऱ्यावर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरची जागा ठरवताना. त्याचा डेटाबेस सतत लिहीत असतो, म्हणून त्याला वेगवान डिस्क हवी. माहिती गोळा करणारे त्याचे भाग हवेत देखरेखीखालच्या यंत्रांजवळ. आणि डेटाबेसच्या दोन प्रती एकाच सर्व्हरवर कधीच येऊ नयेत, असा नियम हायपरव्हायजरच्या व्यवस्थापनात आधीच घालून ठेवतात.

पण ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची, त्याच्याच पोटात हा पहारेकरी बसवला तर? सर्व्हर पडला की धोक्याची घंटा वाजवणाराही त्याच्यासोबत पडणार! म्हणून त्याला निराळ्या यंत्रावर बसवतात. आणि दूर, दुसऱ्या इमारतीत, एक छोटंसं मशीन ठेवतात. ते दर मिनिटाला त्याला एवढंच विचारतं: जिवंत आहेस ना?