विश्लेषण : रीफ टँकमधल्या प्रवाळांचे फोटो निळेच का येतात? कॅमेऱ्याचे सेटिंग कसे ठेवावे?

काचेच्या टाकीत हिरवी, नारिंगी, जांभळी प्रवाळे डोळ्यांना झळाळताना दिसतात; मोबाइलच्या फोटोत मात्र सगळीकडे निळाई पसरते. घरात रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींची ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, त्याला मिळणाऱ्या प्रकाशाचा असतो. आणि प्रश्न केवळ फोटो देखणा येण्याचा नाही. प्रवाळ निरोगी आहे की नाही, हे त्याच्या रंगावरून कळते. त्यामुळे फोटोतला रंग खरा असणे महत्त्वाचे ठरते.

टाकीत निळा प्रकाश कशासाठी?

प्रवाळाच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करते आणि त्यातून प्रवाळाला अन्न मिळते. समुद्रात खोल जावे तसा लाल प्रकाश आधी शोषला जातो, निळा सर्वात खोलवर पोहोचतो. म्हणून रीफ टँकच्या एलईडी दिव्यांत साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशावर भर असतो. याच प्रकाशात प्रवाळातील काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. अशा प्रकारचे हिरवे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२मध्ये जेलीफिशमधून वेगळे केले होते. त्या प्रथिनाचा शोध आणि विकास यांसाठी २००८चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले.

कॅमेरा नेमका कुठे गडबडतो?

दुपारच्या सूर्यप्रकाशाचे रंगतापमान सुमारे ५,५०० केल्विन मानले जाते. रीफ टँकचे दिवे १०,००० ते २०,००० केल्विनच्या घरातले असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत व्हाइट बॅलन्स हाताने १०,००० केल्विनच्या आसपासपर्यंतच नेता येतो. म्हणजे कॅमेऱ्याची धाव जिथे संपते, तिथे टाकीचा प्रकाश सुरू होतो. ‘ऑटो’वर ठेवलेला कॅमेरा तर अशा प्रकाशात हमखास चुकतो. शिवाय निळ्या रंगाची नोंद सेन्सरवर आधी कमाल मर्यादेला पोहोचते आणि प्रवाळाच्या पृष्ठभागाचे बारकावे पुसले जातात. एकदा गेलेले हे बारकावे नंतर कोणत्याही अ‍ॅपने परत येत नाहीत.

मग सेटिंग कोणते ठेवावे?

पहिली पायरी म्हणजे ‘रॉ’ फाइलमध्ये फोटो काढणे. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगासाठी ८ बिट असतात, तर रॉ फाइलमध्ये साधारण १२ किंवा १४. त्यामुळे रंग नंतर दुरुस्त करायला वाव राहतो. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यात मिळेल तेवढ्या जास्त केल्विनवर न्यावा. आकडा वाढवला की प्रकाश फार निळा आहे असे कॅमेरा धरून चालतो आणि फोटोत पिवळसर छटा मिसळतो. एवढ्याने भागत नसेल तर लेन्सपुढे पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावावा. तो जादा निळा प्रकाश अडवतो आणि प्रतिदीप्तीचे हिरवे-लाल रंग आत येऊ देतो.

मॅक्रो लेन्सने जवळून फोटो घेताना एफ/८ ते एफ/११ हे अ‍ॅपर्चर सोयीचे. त्याहून मोठे उघडले तर एखादाच पॉलिप स्पष्ट येतो आणि बाकीचे धूसर होतात. प्रवाळ एका जागी असले तरी त्याचे पॉलिप प्रवाहात डोलत असतात, म्हणून शटर स्पीड १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद हवा. प्रकाश कमी पडला तर आयएसओ ४०० ते १,६००पर्यंत वाढवावा. फोटोत पट्टे उमटत असतील, तर ती दिव्यांच्या अतिजलद उघडझापीची खूण असते. अशा वेळी शटर थोडा मंद करून पाहावा. फोटो काढल्यावर लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम तपासावा. निळा आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर एक्सपोजर कमी करावे.

मोबाइलवर हे जमते का?

बऱ्याच अंशी जमते. कॅमेरा अ‍ॅपमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर व्हाइट बॅलन्स, आयएसओ आणि शटर हाताने ठरवता येतात, काही फोनमध्ये रॉ फाइलही मिळते. प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर प्रवाळावर बोट दाबून धरावे, फोकस आणि एक्सपोजर लॉक होतात. मग एक्सपोजरची पट्टी खाली ओढावी. मोबाइलच्या लेन्सवर लावायचे नारिंगी फिल्टरचे क्लिपही मिळतात. एका फोटोने सर्वाधिक फरक दिसतो तो याच स्वस्त क्लिपने.

फोटोआधी टाकीची तयारी काय?

काच आतून-बाहेरून पुसावी. खोलीतले दिवे बंद करावेत, म्हणजे काचेत स्वतःचे प्रतिबिंब येत नाही. पाण्यातला प्रवाह निर्माण करणारे पंप काही मिनिटे थांबवावेत आणि फोटो झाल्यावर आठवणीने सुरू करावेत; प्रवाळांना प्राणवायू आणि अन्न या प्रवाहातूनच मिळते. लेन्स काचेशी काटकोनात धरावी. तिरकी धरली तर काच आणि पाणी यांतून होणाऱ्या अपवर्तनामुळे प्रतिमा फाटल्यासारखी दिसते आणि कडांना रंगीत किनार येते. मोबाइल काचेला टेकवून धरला तर हातही हलत नाही.

चमकदार फोटो म्हणजे निरोगी प्रवाळ?

नेहमीच नाही. पाणी तापले किंवा इतर ताण आला की प्रवाळ आपल्यातले शैवाल गमावते आणि पांढरे पडू लागते. याला विरंजन म्हणतात. शैवालाची तपकिरी छटा गेली की प्रतिदीप्त प्रथिनांची चमक काही वेळा उलट अधिक उठून दिसते. म्हणजे निळ्या दिव्याखाली सर्वात देखणे दिसणारे प्रवाळ आजारीही असू शकते. विक्रीच्या जाहिरातींत तर रंग आणखी गडद केलेले असतात आणि अशा फोटोवर विसंबून खरेदी करणारा फसतो.

यावर उपाय म्हणजे दोन वेगळे फोटो काढणे. एक मित्रांना दाखवण्यासाठी, निळ्या प्रकाशातला. दुसरा नोंदीसाठी, दिवे पांढऱ्या प्रकाशावर आणून काढलेला. नोंदीचा फोटो दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच अंतरावरून, त्याच सेटिंगवर आणि शेजारी करडे कार्ड ठेवून घ्यावा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ‘कोरलवॉच’ प्रकल्पाने समुद्रातील प्रवाळांसाठी रंगतक्ता तयार केला आहे, तोही याच तत्त्वावर चालतो. प्रवाळाचा रंग ठरावीक छटांशी ताडून पाहायचा आणि बदल टिपायचा. फिकेपणा रोज पाहणाऱ्या डोळ्यांना जाणवत नाही. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतो.

भारतात काय लक्षात ठेवावे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२नुसार खडक उभारणारी कठीण प्रवाळे पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून ती काढणे आणि त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. कॅमेरा घेऊन मालवणच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी प्रवाळांना हात न लावता, त्यांच्यावर पाय न ठेवता फोटो घ्यावेत. एप्रिल २०२४मध्ये जागतिक पातळीवरील चौथे प्रवाळ विरंजन जाहीर झाले. अशा काळात तारीख, ठिकाण आणि खरा रंग असलेला साधा फोटोही अभ्यासकांच्या कामी येऊ शकतो.